अजून बोलतंय

शेवटचा साधा दिवस आठवायला गेलं की आधी आठवतो तो पास्त्यावरून झालेला वाद. मी ऑफिसातून परस्पर आईबाबांकडे गेले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती, आणि आई गॅससमोर उभी राहून उकळत्या पाण्यात पास्त्याचं आख्खं मोठं पाकीट ओतत होती. "अगं, आपण तीनच माणसं," मी म्हटलं. "मोजता येतं मला," ती म्हणाली. मग एवढा कशाला, तर म्हणे, उरायला. उरायला म्हणून कुणी स्वयंपाक करतं का, असं मी विचारलं, तेव्हा टेबलाशी ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले बाबा न वळता म्हणाले, "लोकांचं उरतं. तुझी आई उरवते." असा शब्द नाही, मी म्हटलं. मी पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनात मुद्रितं तपासते; चुकीचा शब्द कानावर आला तरी माझा हात पेन्सिलीकडे जातो आणि त्यावरून घरात माझी भरपूर थट्टा होते. "आता आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. आईने पास्ता चाळणीत ओतला. वाफेने तिचा चष्मा पांढरा झाला, आणि तशीच काही न दिसता उभी राहून ती म्हणाली, "वाद नंतर घाला, ताटं घ्या. आणि तू पिशवी उतरव आधी. गाडी सुटणार असल्यासारखी उभी असतेस कायम."

अर्ध्या पास्त्यावर तिने टोमॅटोचा सॉस घातला. उरलेल्याला तेलाचा हात लावला, तो एका डब्यात भरला आणि डबा फ्रीजरमध्ये टाकला. तिथे तसलेच आणखी डबे होते, एकावर एक, झाकणांवर हिमाची बारीक पूड धरलेले. मी ते पाहिले आणि काही विचारलं नाही. आमच्या घरात डबे असायचेच. जेवताना ती तलावाबद्दल बोलली. साठी उलटल्यावर तिने पोहायला शिकायचं मनावर घेतलं होतं, दर शनिवारी दुपारी ती पोहण्याच्या तलावावर जायची, आणि परत आली की घरभर त्या पाण्याचा औषधी वास यायचा. बाबा म्हणाले, "आता खोल बाजूला जाते ही. मला म्हणते तुम्ही पण या. मी म्हटलं, मी काठावरून टाळ्या वाजवतो." "वाजवायला तरी या," आई म्हणाली. मग वरच्या मजल्यावरच्यांचा नळ, माझी खोकल्याची गोळी, स्वस्तातले बूट महाग कसे पडतात, असलं काहीबाही. निघताना मी जिन्यावरून अर्धी उतरले होते तेव्हा तिने वरून हाक मारली, "पोचलीस की कळव," आणि मी "हो" म्हणाले. पोचल्यावर कळवलं. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. एवढंच. त्या दिवसाने स्वतःत काही लपवून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. मी तो बाहीसारखा उलटा करूनही पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. बाहेर जायचं म्हणून आई बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर बसली, वाकली, ती वाकलेलीच राहिली. बाबांना वाटलं, गाठ बसली असेल. साबण लावलेल्या तोंडाने ते म्हणाले, "थांब, मी सोडवतो." मला फोन केला तेव्हा ते फक्त "तू ये" म्हणाले. "काय झालं?" "तू ये ना." मी गेले. जिन्यात शेजारचे डॉक्टर भेटले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत आई पलंगावर होती. तिच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात नव्हता, आणि कुणालाच कळत नव्हतं की आता हा काढायचा की तो घालायचा.

त्यानंतर मी बाबांकडेच राहिले. लोक आले, बसले, उठले. त्या सगळ्यात मला एक विचित्र गोष्ट जाणवत गेली, की ही बातमी सांगायला माझ्याकडे क्रियापदच नाही. इतरांकडे होती. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फोनवर एकेकाला सांगत होता, "ताई ऑफ झाली." जणू बटण होतं कुठेतरी. समोरच्या काकू म्हणाल्या, "गेली हो," आणि मला वाटलं आता पलीकडून कुणी विचारील, "किती वाजता निघाली?" ऑफिसात मी लेखी कळवलं, त्यात 'दुःखद घटना' असे शब्द वापरले. ते वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्याखाली रेघ मारून समासात 'कोणती?' असं विचारलं असतं. निधन मोठ्या माणसांचं होतं, फोटोसकट. मृत्यू अपघातात होतो, किंवा पुस्तकात. देवाघरी वगैरे मुलांना सांगतात. राहिला 'वारली' हा एक शब्द. साधा, सभ्य, त्यात येणं नाही, जाणं नाही. तो मी मनात लिहून पाहिला, शुद्धलेखन बरोबर होतं. तोंडाने तो कधी निघाला नाही. गरजही पडली नाही, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं, आणि बाकीच्यांसाठी आपल्या भाषेत एक फार सोयीचं वाक्य आहे. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस म्हणाला, "बाई आहेत का?" मी म्हटलं, "नाहीयेत." तो म्हणाला, "बरं, मग तुम्ही सही करा." मी सही केली आणि दार लावून उभी राहिले. मी खोटं बोलले नव्हते. तरी माझे कान तापले होते.

बाबा त्यांच्या खुर्चीवर बसत, ओट्याकडे पाठ करून, जसे नेहमी. आयुष्यभर त्यांनी एका कार्यालयात नकाशे काढले. रेघ चुकू नये म्हणून श्वास रोखून बसायची सवय त्यांना लागली होती आणि ती निवृत्तीनंतरही गेली नाही. आता ते तसेच श्वास रोखून बसत. समोर पेपर, पण डोळे ओळींवर नाहीत. मला आधी वाटलं ते विचारात असतात. मग लक्षात आलं की ते ऐकत असतात. मागे मी भांडं ठेवलं की त्यांची मान किंचित हले, आणि ते भांडं ठेवणं आईचं नाही हे कळलं की पुन्हा स्थिर होई. मी जे काही शिजवी ते ते दोन घासांत संपवत आणि "छान झालंय" म्हणत, पाहुण्याने म्हणावं तसं. मला भीती वाटायची ती याची. रडण्याची नाही, त्या सभ्यपणाची. माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागायला लागला की एक दिवस तो उठून जाईल असं वाटत राहतं.

फोन आला तो अशाच एका दुपारी, आईच्या फोनवर. तो आम्ही बंद केला नव्हता, कुणी केला नाही इतकंच. पडद्यावर नाव आलं, 'कासव'. मी उचलला.

"बोया आहे का?" एका बाईचा मोठा, खणखणीत आवाज.

"कोण?"

"अगं बोया! बुडत नाही म्हणून आम्ही बोया म्हणतो तिला. तू मुलगी ना? शब्द सुधारतेस ती? आई आहे का तुझी?"

"नाहीये," मी म्हणाले.

"कुठे उंडारतेय! बरं ऐक, आली की निरोप दे. मागच्या शनिवारी आली नाही म्हणजे सर्दीच असणार, बरी झाली असेल आतापर्यंत, या शनिवारी काही झालं तरी यायचंय म्हणावं. पैज हरलीय ती. मी तलाव पार केला गं! काठ न धरता! मी! सगळे म्हणत होते हे कासव काही आयुष्यात तिकडे पोचायचं नाही, आणि तुझी आई म्हणाली होती, तू पार कर, मी सगळ्यांना कुरकुरीत पास्ता तळून खायला घालते. डबेच्या डबे साठवतेय म्हणे केव्हापासून. ए, पण पार केलं हे तू सांगू नकोस हं. ते मला सांगायचंय. तिचं तोंड बघायचंय मला. तू नुसतं म्हण, शनिवार, पास्ता. कळेल तिला."

"सांगते," मी म्हणाले. फोन बंद झाल्यावर मी तो हातात धरून तशीच उभी राहिले. 'सांगते' हाही आता शब्दच. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसारखी पिपाणी वाजवत होती. मला आईच्या त्या दुसऱ्या नावाचा राग आला. मग राग ओसरला आणि खाली काहीतरी उघडं पडलं. एक बाई होती, लोक तिला बोया म्हणत, ती पैजा लावायची, उंडारायची. आणि या क्षणी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी डोक्यात ती सर्दी झालेली, नाक पुसत बाजारात हिंडणारी, जिवंत होती. ते मी मोडायचं. तेही फोन करून, त्या बाईला पहिल्यांदा पोहता आलंय त्या आठवड्यात.

बाबांना मी फोनबद्दल सगळं सांगितलं.

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"मी म्हटलं, नाहीये."

"बरोबरच आहे की मग."

"तिला वाटलं, बाहेर गेलीय."

"बाहेर," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. मी घाबरून पाहिलं. ते हसत होते, म्हणजे हसण्याच्या जवळपास कुठेतरी होते. "नाक पुसत?"

"आता करते फोन. सांगून टाकते."

"फोनवर नको." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुला फोन केला तेव्हा मला जमलं का? समोर जाऊन सांगावं लागतं ते. आणि रिकाम्या हाताने कसं जाणार? तिने कबूल केलंय त्यांना." मग, जणू कामाची गोष्ट बोलावी तसं, "फ्रीजरमध्ये आहे ना तो?"

शुक्रवारी मी सगळे डबे खाली काढून ठेवले आणि शनिवारी सकाळी ओट्याशी उभी राहिले. मला वाटलं होतं यात काय, उकडलेला पास्ता तर आहे, तळायचा. मोठी कढई घेतली, तेल तापवलं, एक मूठ नळ्या सोडल्या. पेनाच्या निबासारख्या टोकांना तिरक्या कापलेल्या, पोटात पोकळ. तेलाने क्षणभर विचार केला आणि मग उसळलं. फटाफट शिंतोडे उडाले, एक मनगटावर बसला, मी झाकण शोधेपर्यंत भिंत डागाळली. तेल खाली बसल्यावर पाहिलं तर सगळ्या नळ्या एकमेकींना चिकटून एक गोळा झाला होता, बाहेरून कडक, आतून पीठ. मी गॅस बंद केला. मनगट नळाखाली धरलं आणि मला ते सगळंच अतोनात मूर्खपणाचं वाटलं, म्हणजे एखाद्याचं अक्षर गिरवून त्याच्यासारखी सही करायला बसावं तसं. तिने हे करताना मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत असायची आणि वाटी माझ्याकडे यायची. वाटी मला आठवत होती. लसणाचा वास, बोटांना लागलेलं लालसर मीठ, दाताखाली होणारा तो मोठा आवाज, ज्याने पुस्तकातली ओळ तुटायची.

"पोटात पाणी आहे त्यांच्या," बाबा म्हणाले. पाठमोरेच.

"काय?"

"आधी फडक्याचा आवाज यायचा. फट. फट." त्यांनी हवेत दोन्ही हात झटकले. "आत्ता तो आलाच नाही."

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "आणखी काय काय यायचं?" त्यांनी डोळे मिटले. पाठ करून बसलेल्या माणसाने वर्षानुवर्षं जे ऐकलं होतं ते एकेक करून ते सांगू लागले, आणि तो आवाज कशाचा असेल हे मी ओळखू लागले. असा आम्ही तो पदार्थ दोघांनी मिळून पुन्हा बांधला. फट फट, म्हणजे नळ्या जाड पंच्यात घालून चारी टोकं धरून झटकायच्या, की पोटातलं पाणी फडक्यात जाईल. मग बराच वेळ काही नाही. "काही नाही म्हणजे?" "काही नाही म्हणजे ती इथे येऊन बसायची. शब्दकोडं सोडवायची." म्हणजे तेवढा वेळ वाळायला. मग एक कोरडी खसखस, डब्यात वाळू हलवल्यासारखी. मी फडताळ उघडलं, कॉर्नफ्लोरचं पाकीट दिसलं, थोडं पीठ आणि मूठभर नळ्या झाकणाच्या डब्यात घालून हलवल्या. "हाच ना?" "थोडं कमी घातलंस. जड यायचा आवाज." मी आणखी पीठ घातलं. "हां," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी डब्याकडे बघायला लागले.

टेबलावर चादर पसरून आम्ही पास्ता वाळत घातला. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि एकेक नळी सुटी केली, सरळ ओळीत, सगळ्यांची तिरकी टोकं एकाच दिशेला. "अशाने रविवार उजाडेल," मी म्हटलं. "अगं, चिकटलेल्या तळतात का? एवढं शिकलेली तू," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी दिशेने लावतोय ते उगाच. सवय." पंखा लावला होता. चादरीचा कोपरा सारखा उडत होता आणि बाबा त्यावर चष्म्याचं घर ठेवत होते. या खोलीत आम्ही दोघं एकाच कामावर वाकलो आहोत असं शेवटचं कधी झालं होतं, माझ्या शाळेच्या नकाशांच्या वेळी बहुतेक. तेव्हा ते म्हणायचे, समुद्र आधी रंगवू नकोस, आधी किनारा. मला वाटून गेलं की दुःखाचं जे वर्णन मी पुस्तकांत वाचलं होतं त्यात नेहमी माणसं खिडकीतून बाहेर बघत असतात. वाळत घातलेल्या पास्त्याकडे बघणारं कुणी नव्हतं त्यात. फ्रीजरमधून निघालेल्या त्या नळ्या आता मेणासारख्या पिवळट, घट्ट झाल्या होत्या, आणि ताज्या असताना लुळ्या पडणाऱ्या त्याच या, हे बोटांना खरं वाटत नव्हतं. थंडीत राहिल्यानेच त्यांना तो ताठपणा आला होता. तिला ते माहीत होतं. म्हणून तर उरायला शिजवायचं.

पुन्हा तेल तापवलं. या वेळी थोड्याच सोडल्या. शिंतोडे उडाले नाहीत. एकदम बारीक, दाट, सगळीकडून आल्यासारखा तडतडाट सुरू झाला, आणि खुर्चीवर बाबा ताठ झाले. मी झारा पुढे केला.

"थांब."

"लाल होतायत."

"होऊ देत. अजून बोलतंय."

मी थांबले. रंग बघून काढायचं ही माझी पुस्तकी अक्कल. पण आत पाणी आहे तोवर तेल बोलतं, आणि ते संपलं की गप्प होतं, हे बाबा पाठीने शिकले होते. तडतडाट विरळ झाला. मग पाऊल दूर जात जावं तसा मंद झाला, मग कढईतून नुसती एक कुजबुज. "आता," बाबा म्हणाले. मी नळ्या उपसल्या, कागदावर टाकल्या, गरम आहेत तोवर त्यांच्यावर मीठ, तिखट, लसणाची पूड आणि किसलेलं चीज भुरभुरलं. ओट्यावर शांतता झाली. बाबा बसले होते. पुढचा घाणा सोडायला हवा हे मला कळत होतं, पण ते कशाची तरी वाट बघत होते, आणि मी विचारलं, "याच्यानंतर काय यायचं?"

"तेल बोलत असलं की ती गप्प असायची," बाबा म्हणाले. "आणि तेल गप्प झालं की ती बोलायची."

"काय?"

"काही नाही गं. 'अहो, चव बघा.'"

मी बशी घेऊन टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या समोर धरली. "बाबा, चव बघा." त्यांनी एक नळी उचलली, उजेडात धरली, तोंडात टाकली. तो मोठा आवाज झाला. त्यांनी बराच वेळ चावलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "मीठ कमी आहे." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा 'छान झालंय' म्हणाले नव्हते. मला हायसं वाटलं. त्यांनी खुर्ची फिरवली, फरशीवर घासत, जोर लावून, आणि कढईकडे तोंड करून बसले. "सोड पुढचे," ते म्हणाले.

आम्ही मोठे पत्र्याचे डबे भरून नेले. झाकण गच्च लावायचं नाही, वाफ धरते, म्हणून बाबांनी ते मांडीवर धरून बसभर सांभाळले. शेजारच्या माणसाने वासाने दोनदा वळून पाहिलं तेव्हा त्यांनी झाकण उचलून त्याला चार नळ्या दिल्यासुद्धा. "कुणाची पार्टी?" त्याने विचारलं. "माझ्या बायकोच्या मैत्रिणीची," बाबा म्हणाले. मी खिडकीकडे बघत होते आणि शब्द जुळवत होते. 'तुम्हाला सांगायचं होतं की.' 'वाईट बातमी आहे.' प्रत्येक वाक्य मी सुधारत होते आणि सुधारलं की ते आणखी बिघडत होतं. तलावाची इमारत जुनी, उंच छताची होती. आत शिरताच तो वास आला, आईच्या ओल्या केसांचा, आणि माझी पावलं थांबली. बाबांनी माझ्या कोपराला डब्याने ढोसलं. "चल. गार होतील."

काठावर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक घडीचं टेबल, सरबताचे ग्लास. टोप्या घातलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या आठदहा बायका, एक-दोन पुरुष, आणि शिट्टी गळ्यात अडकवलेला एक शिक्षक, ज्याला सगळे सर म्हणत होते आणि जो माझ्यापेक्षाही लहान होता. बाबांनी डबे टेबलावर ठेवले आणि घसा साफ केला. "मी बोयाचा नवरा," ते म्हणाले. ते नाव त्यांच्या तोंडून ऐकून मला वाटलं, त्यांना ते आधीपासून माहीत असावं. एकदम गलका झाला. "आले का! हेच ते टाळ्या वाजवणारे!" "झाकण काढा हो, वास काय सुटलाय!" एक उंच, सरळसोट बाई, जिला बाकीच्या लाटणं म्हणत होत्या, मूठ भरून घेऊन म्हणाली, "पैज हरली की अशी हरावी!" कुरुम कुरुम आवाज फरशांवर आपटून दुप्पट होऊ लागला. सर म्हणाले, "पाण्यात चुरा नको हं," आणि स्वतः दोन्ही गालांत भरून उभे राहिले. बाबांभोवती घोळका झाला होता. ते हातवारे करून कुणाला तरी फडकं कसं झटकायचं ते दाखवत होते.

कासव पाण्यातच होती. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उभी, रुंद खांदे, कानांवर घट्ट ओढलेली हिरवी टोपी, आणि चेहऱ्यावर इतका उघडा आनंद की त्याच्याकडे थेट बघवेना. तिने मला हाताने बोलावलं. "तू ती! तोंडावरूनच कळतं. कुठेय ती? मी पुन्हा पार करून दाखवणार आहे, ती आली की निघते. मघापासून गारठलेय नुसती उभी राहून." मागे सगळे खात होते, हसत होते. मी काठाशी जाऊन गुडघ्यांवर बसले. फरशी ओली होती, कपडे भिजले. पाणी इतकं निळं आणि इतकं स्वच्छ होतं की तळाची काळी रेघ आपण हाताने पुसू शकू असं वाटत होतं.

"ती नाहीये," मी म्हणाले.

"दिसतंय गं मला, नाहीये ते. येणारेय कधी?"

"ती गेली."

"कुठे गेली? आज? आजच बरं सुचलं तिला कुठे जायचं!"

मी वर पाहिलं. घोळक्यातून बाबा माझ्याकडे बघत होते. ते आले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, जशी ते सकाळी कढईकडे बघून हलवत होते. कासवाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं; तिने दोन्ही हातांनी टोपी ओढून काढली, पांढरे केस मोकळे झाले, कानांतून पाणी ओघळलं, आणि ती एक पायरी वर चढून माझ्या अगदी जवळ आली. "नीट सांग, बाळ," ती म्हणाली. "टोपीत ऐकू येत नाही मला."

तिचा ओला हात मी दोन्ही हातांत धरला. तो थंडगार होता आणि त्याची पकड घट्ट होती.

"माझी आई वारली," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, छताला जाऊन लागला, आणि मागचं खाणं थांबलं. तो अजून वर होता तोवरच मी पुढचंही बोलले. "पण पास्ता तिच्याच हातचा आहे. तुम्ही पार केलंत ना, म्हणून."